भावाचे कलम : मलबारच्या डोंगरातील चार दिवस



प्रवासाला जाऊन आलेला माणूस देवळांचे, समुद्राचे नाहीतर राजवाड्यांचे वर्णन करतो. मी यंदा तुम्हाला एका तराजूचे वर्णन सांगणार आहे. तो पाहायला मी केरळातल्या मलबारच्या डोंगरापर्यंत गेलो. जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझीच एक चूक दडलेली आहे.

मी कृषी खात्यातला माणूस. दापोलीला शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे कोकणात काढली. महाराष्ट्रात १९९० सालापासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा कातळावर आणि वरकस जमिनीवर काजूची कलमे लागली. माझ्या हद्दीतल्या एका वाडीत एक शेतकरी होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. माझ्या आग्रहाखातर त्यांनी १९९७ साली एक एकरात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची ऐंशी कलमे लावली. सात-सात मीटरवर खड्डे मी स्वतः दोरी धरून आखून दिले होते. बाग उत्तम झाली.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तर अंगणात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. काटा व्यापाऱ्याचा, माणूस व्यापाऱ्याचा आणि आकडा वाचणाराही तोच. दर पोत्यामागे ओलाव्यापोटी दोन किलो वजा. भावाचे विचाराल, तर तो गणपतीतच ठरलेला! कारण तात्यांनी घरच्या अडचणीसाठी तेव्हा उचल घेतली होती. टेम्पो गेला. तात्यांनी मला पाणी दिले आणि हसत हसत म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलंत तशी कलमं लावली. बी भरपूर येते. आता भावाचं एखादं कलम असेल तर तेवढं सांगा."

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी झाडाला किती बी लागते ते मोजले. त्या बीचे पैसे कोणाच्या हाती जातात ते कधी मोजले नाही. म्हणून गेल्या वर्षी रजा टाकून मी निघालो. लहान शेतकऱ्यांनी आपला काजू, मिरी आणि कॉफी 'न्याय्य व्यापारा'च्या पद्धतीने परदेशात विकल्याचे ऐकले होते. ते कसे चालते, हे डोळ्यांनी पाहायचे होते.

रात्रीची गाडी आणि फिरंगी झाड

कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली आणि आपल्याला केरळ एका रात्रीवर आले. रत्नागिरीला संध्याकाळी गाडीत बसलो. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर माड, खाड्या आणि लाल माती दिसत होती. क्षणभर वाटले, गाडी फिरून पुन्हा सिंधुदुर्गातच आली की काय! घरे तशीच उतरत्या छपरांची आणि परसात तीच फणसाची झाडे. फरक एवढाच की तिकडे घर संपले कुठे आणि बाग सुरू झाली कुठे, ते कळत नाही.

मंगळूरनंतर कासरगोड लागते. काजू लावणाऱ्या माणसाने हे नाव विसरू नये. इथल्या सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले गेले. मोहोर खाणाऱ्या टी मॉस्किटो किडीसाठी ते औषध होते. बागांच्या आजूबाजूच्या गावांतून पुढे व्यंग घेऊन जन्मलेली मुले आणि मेंदूचे व इतर दुर्धर आजार यांच्या तक्रारी येऊ लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर या औषधावर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तो काजू ज्यांनी दुकानातून घेतला, त्यांच्या पावतीवर या मुलांची किंमत लिहिलेली नव्हती. स्वस्त मालाची किंमत पुष्कळदा दुसराच कोणीतरी मोजत असतो.

वळपट्टणम नदीचा लांबलचक पूल ओलांडून गाडी कण्णूरला पोहोचली. स्टेशनवर मला घ्यायला एक तरुण आला होता. तिथल्या शेतकरी संघाच्या कामात असलेला हा मुलगा पुढचे चार दिवस माझा दुभाष्या झाला. काजूला मल्याळीत काय म्हणतात असे मी विचारले. तो म्हणाला, "परंगी माव." परंगी म्हणजे फिरंगी आणि माव म्हणजे आंबा. हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले, हे त्याच्या नावातच राहून गेले आहे. आपण मात्र पोर्तुगिजांचा 'काजू' हा शब्दच उचलला.

पन्नियूरची मिरी

कण्णूरहून डोंगराकडे जाताना तळिपरंब लागते आणि तिथून जवळच पन्नियूर. माझ्यासारख्या कृषी पदवीधराला हे तीर्थक्षेत्रच! १९७१ साली येथील संशोधन केंद्रातून 'पन्नियूर-१' ही मिरीची जात बाहेर पडली. मिरीची ही जगातली पहिली संकरित जात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या सुपारीवर किंवा आंब्यावर ती चढलेली असेल. तिला ऊन लागते, दाट सावलीत ती रुसते, हे तिथल्या शेतकऱ्यांनीही आवर्जून सांगितले. म्हणून माडाच्या मोकळ्या बागेत ती लावतात आणि सावलीत करिमुंडा ही जुनी जात ठेवतात.

पुढे आलक्कोडच्या बाजूला रस्ता चढू लागला. इथले बरेचसे शेतकरी मूळचे इथले नव्हेत. विसाव्या शतकात दक्षिणेतल्या त्रावणकोरमधून हजारो कुटुंबे जमिनीच्या शोधात मलबारच्या डोंगरात आली. हिवताप, रानडुकरे आणि हत्ती यांच्याशी झगडून त्यांनी या बागा उभ्या केल्या. मी ज्यांच्याकडे उतरलो त्यांचे वडील असेच आले होते. साठीचे गृहस्थ. त्यांना सगळे 'चेट्टन' म्हणजे दादा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला 'चेची' म्हणजे ताई, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. चेचीने उकडलेला साबुकंद, त्यावर बारीक तिखट मिरचीची चटणी आणि गूळ घातलेली काळी कॉफी पुढे ठेवली. आपल्याकडे उकडलेली रताळी द्यावी, तसा हा पाहुणचार.

जमीन तीन एकरांची. वर माड आणि सुपारी, त्यांच्यावर मिरवेल, मध्ये फणस, जायफळ आणि थोडी कॉफी, खाली आले, हळद आणि सुरण. उतारावर काजू. काजूच्या झाडांवर तांबड्या मुंग्यांनी पाने विणून घरटी केली होती. मी सवयीने म्हणालो, "या मुंग्या काढणाऱ्याला चावतात, मारून टाका." चेट्टन हसले. "साहेब, ह्या माझ्या बिनपगारी फवारणी कामगार. किडीवर तुटून पडतात. बी वेचताना चार चावे सोसायचे, एवढाच त्यांचा पगार." खरे म्हणजे केरळच्या कृषी संशोधकांनीही या मुंग्यांचा टी मॉस्किटोवर चांगला उपयोग होतो असे दाखवले आहे. मला ते कागदावर ठाऊक होते. झाडाखाली उभा राहिलो तेव्हा पटले, आणि दोन चावेही मिळाले.

काटा कोणाचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या खरेदी केंद्रावर गेलो. केंद्र म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. भिंतीवर फळा, फळ्यावर त्या दिवशीचा भाव खडूने लिहिलेला. मध्ये इलेक्ट्रॉनिक काटा. त्याचा आकडा दाखवणारी पाटी शेतकऱ्याच्या बाजूला वळवलेली होती. बंधूंनो, मी बराच वेळ त्या पाटीकडेच पाहत राहिलो. तात्यांच्या अंगणातल्या काट्याचा आकडा एकट्या व्यापाऱ्याला दिसत होता. मापात पाप नसावे असे आपण म्हणतो, पण माप कोणाकडे तोंड करून ठेवायचे ते ठरवत नाही.

एक बाई डोक्यावर पोते घेऊन आल्या. केंद्रावरच्या मुलाने मूठभर बी काढली आणि कातरीने मधोमध चिरली. गर पांढरा आणि भरीव आहे का, हे पाहिले. नंतर बी हातात खुळखुळवली आणि मान हलवली. बी ओली होती. मला वाटले, आता होणार कटती. पण त्याने पोते वजनालाच लावले नाही. "ताई, आणखी दोन दिवस ऊन द्या आणि मग आणा," म्हणाला. बाई चिडल्या, चार शब्द बोलल्या आणि पोते घेऊन परत गेल्या. मी दुभाष्याला विचारले, "गरीब बाईला परत पाठवता, हा कसला न्याय?" तो म्हणाला, "ओला माल घेऊन दोन किलो कापले असते, तर तिचे नुकसान आणि आमच्या मालाला बुरशी. परवा ती येईल, तेव्हा एक ग्रॅमही कापणार नाही." न्याय्य भाव म्हणजे सवलत, असा माझ्या मनात जो समज होता तो तिथेच गळून पडला. चांगला माल देणे ही शेतकऱ्याची बाजू आणि खरे वजन व खरा भाव ही घेणाऱ्याची.

या संघाचे नाव 'फेअर ट्रेड अलायन्स केरळ'. कण्णूर, कासरगोड, वायनाड आणि कोझिकोड या भागांतले साडेचार हजारांच्या आसपास लहान शेतकरी त्यात आले. टॉमी मॅथ्यू यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने २००५-०६ च्या सुमारास तो उभा राहिला. का उभा राहिला, हे मात्र वायनाडला गेल्याशिवाय कळत नाही.

वायनाडची कॉफी

तिसऱ्या दिवशी घाट चढून वायनाडला गेलो. हवा एकदम थंड झाली. अंगणाअंगणांतून कॉफीची फळे वाळत घातली होती, आपल्याकडे कोकमाची सोले वाळतात तशी. नुकताच वळवाचा पाऊस पडून गेल्यामुळे कॉफीच्या झुडपांवर पांढरी फुले आली होती आणि रस्ताभर जाईसारखा वास येत होता.

इतक्या सुंदर मुलखात २००० सालानंतरची चार-पाच वर्षे फार वाईट गेली. जगात कॉफीचे दर कोसळले, पाठोपाठ मिरीचेही. मिरीच्या वेलाला रोग लागले. बँकेची आणि सावकाराची कर्जे थकली. वायनाडात शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. विदर्भातल्या वाचकांना यापुढे मी काय सांगावे?

कॉफीचा दर पडण्याचे कारण त्या शेतकऱ्यांच्या शेतात नव्हते. जगातल्या कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांमध्ये विक्रीचा कोटा ठरवणारा करार होता. तो १९८९ साली मोडला आणि नंतर बाजारात माल धो-धो आला. गिऱ्हाईक कपाला पूर्वीइतकेच पैसे देत होते, पण झुडपाखालच्या माणसाला तोडणीची मजुरीही सुटेना.

न्याय्य व्यापाराची शिक्क्याची पद्धत निघाली तीही कॉफीतूनच. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या आदिवासी कॉफी उत्पादकांमध्ये फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचे एक डच पाद्री काम करीत. शेतकरी त्यांना म्हणाले, आम्हाला देणगी नको, आमच्या कॉफीला पुरेसा भाव द्या. त्यातून १९८८ साली हॉलंडमध्ये 'मॅक्स हावेलार' नावाचा शिक्का निघाला. हे नाव १८६० सालच्या एका डच कादंबरीतले आहे. जावा बेटावरच्या शेतकऱ्यांकडून डच सत्ता सक्तीने कॉफी पिकवून घेई, तो जुलूम त्या पुस्तकाने चव्हाट्यावर आणला होता. पुढे १९९७ साली निरनिराळ्या देशांतल्या अशा संस्थांनी एकत्र येऊन जर्मनीतल्या बॉन शहरात मध्यवर्ती संघटना काढली.

या पद्धतीचे नियम थोडक्यात सांगतो. एक, प्रत्येक पिकाला साधारणपणे किमान भाव ठरलेला असतो. बाजार त्याच्या खाली गेला तरी शिक्क्याखाली घेणाऱ्याने किमान भाव द्यायचा. बाजार वर गेला, तर बाजारभाव द्यायचा. वायनाडात मुख्यतः रोबस्टा कॉफी होते. उन्हात वाळवलेल्या रोबस्टाचा हा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, १.२० डॉलर झाला. त्यापूर्वी तो १.०१ डॉलर होता. दोन, भावाच्या वर एक ठराविक रक्कम शेतकऱ्यांच्या संघाला मिळते. तिला प्रीमियम म्हणतात. तो कशावर खर्च करायचा हे सभासदांची सर्वसाधारण सभा ठरवते. तीन, संघाने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ द्यायचे असतात. चार, घातक औषधे आणि बालमजुरी चालत नाही, आणि याची बाहेरून तपासणी होते.

तिसऱ्या नियमावर मी अडकलो. आगाऊ रक्कम तर तात्यांनीही घेतली होती! पण तिने त्यांचा भाव बांधून टाकला. इकडे भाव आधी ठरतो आणि मग आगाऊ रक्कम येते. क्रम बदलला की तोच पैसा दाव्याचा कासरा होतो किंवा हाताची काठी.

एका घरी प्रीमियमचा विषय निघाला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ती रक्कम घरटी वाटली असती, तर महिनाभराच्या किराण्यात संपली असती." त्यांच्याकडे काही ठिकाणी या पैशांतून हत्ती अडवायला सौर कुंपणे झाली. एका रात्रीत हत्तींचा कळप केळी आणि माड भुईसपाट करतो, तेव्हा हे कुंपण एकट्याला परवडणारे नव्हे. शिवाय २०११ सालापासून हा संघ बियाण्यांची जत्रा भरवू लागला. शेतकरी भाताच्या, कंदांच्या, भाज्यांच्या जुन्या जाती घेऊन येतात आणि एकमेकांना देतात. मी पोहोचलो तेव्हा जत्रा होऊन गेली होती, पण तिथून आणलेली सुरणाची आणि वालाची बियाणी पुष्कळ परसांत दिसली. बाजारात काहीही झाले तरी चूल पेटती राहावी, हा त्यामागचा विचार. २००२ सालची आठवण असलेली माणसे एका पिकावर विसंबत नाहीत.

खोट कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, साहेब फारच भारावून आले. तर जे खटकले तेही सांगतो.

शिक्क्याखाली सगळा माल जात नाही. परदेशी खरेदीदार जितकी मागणी नोंदवेल तितकाच जातो, बाकीचा नेहमीच्या बाजारात. तपासणीला पैसे लागतात, वह्या ठेवाव्या लागतात, आणि हे एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला जमणारे नाही. बाजार तेजीत असला की संघाची परीक्षा होते. २०२४ साली रोबस्टाचा जागतिक दर या किमान भावाच्या दुपटीच्या आसपास गेला होता. अशा वेळी खाजगी व्यापारी दारात रोकड घेऊन उभा राहतो आणि सभासद म्हणतो, संघाचे पैसे मिळेपर्यंत थांबू कशाला? चेट्टननीही प्रांजळपणे कबूल केले, "मीही एका वर्षी बाहेर विकलं. पुढच्या वर्षी दर पडले, तेव्हा संघाच्या दारात जाताना मान खाली होती." त्यांना परत घेतले का, असे मी विचारले. ते म्हणाले, "घेतलं. पण सभेत उठून सांगावं लागलं."

आणखी एक गोष्ट. परतीच्या वाटेवर एक काजू कारखाना पाहिला. तो या संघाचा नव्हे, एक साधा कारखाना. बायका ओळीने बसून वाफवलेली बी पायाच्या यंत्रावर फोडत होत्या. टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून हातांना खोबरेल आणि राख. मजुरी किलोवर. सोललेले गर मग वेगवेगळे करतात. डब्यावर २४० किंवा ३२० असा आकडा असतो, तो एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्याचा. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि महाग. साधारण चार किलो बीतून एक किलो गर मिळतो. मी एका बाईंच्या बोटांकडे पाहिले. टोके काळी पडली होती. माझी आत्या आयुष्यभर चुलीवर बी भाजून फोडायची, तिची बोटे तशीच होती. शेतकऱ्याला न्याय्य भाव हवा आणि फोडणारणीला मिळेल ती मजुरी, असे म्हणून चालणार नाही. आपल्या वाडीतही काजू फोडायला बायका येतात. त्यांचा दर आपण कसा ठरवतो?

आपणही गिऱ्हाईकच

भगिनींनो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी, कारण घरातली खरेदी तुमच्या हातून होते. आपण शेतकरी, म्हणून आपण फक्त विकणारे, असे आपल्याला वाटते. पण चहा, साखर, कापड, तेल आपण विकतच घेतो. छापील किमतीच्या पुड्याला आपण मुकाट्याने पैसे मोजतो आणि आठवडी बाजारात पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. परदेशातली एखादी गृहिणी काजूचे पाकीट उलटून त्यावर शिक्का पाहते आणि चार पैसे जास्त देते, म्हणून आलक्कोडच्या डोंगरात काटा शेतकऱ्याकडे वळतो. ब्रिटनमध्ये २००७ साली 'लिबरेशन' नावाची सुक्यामेव्याची कंपनी निघाली, तिच्यात तर काजू-शेंगदाणा उत्पादकांच्या संघांनाच भागीदारी होती. घेणारा जागा झाला की विकणाऱ्याची पाठ सरळ होते. मग आपण आपल्याच तालुक्यात असे जागे गिऱ्हाईक का होऊ नये? गावातल्या बचत गटाचे पीठ-मसाले आधी घ्यावे. माल कुठून आला आणि करणाऱ्याला काय मिळाले, हे दुकानदाराला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एकत्र येऊन विकणे आपल्याला नवे आहे का? १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळ त्याच्या पाठीशी होते. केरळने जे काजूत केले, त्याची वाट उसात आपणच दाखवली होती.

परत वाडीत

परत आलो आणि तात्यांकडे गेलो. म्हटले, "तात्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणलंय. आणि त्याआधी एक कबुली. कलमं लावताना हे मी सांगायला हवं होतं." त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग एवढेच विचारले, "काटा कोण आणणार?"

वाडीत बैठक घेतली. पहिल्या दिवशी चौदा घरे आली. दुसऱ्या बैठकीला नऊ उरली, कारण पाच घरांनी आधीच उचल घेतली होती. त्या नऊ घरांनी वर्गणी काढून काटा घेतला. बी चांगली वाळवायची, चिरून पाहायची आणि एकाच ठिकाणी मोजायची, असे ठरले. वहीत वजन लिहायचे काम तात्यांच्या सुनेकडे आले. परदेशी शिक्का वगैरे काही नाही, तो फार पुढचा पल्ला. पहिल्या हंगामात एवढेच झाले की व्यापाऱ्याला आमच्या काट्यावर माल घ्यावा लागला आणि पोत्यामागचे दोन किलो वाचले. भाव फार वाढला असे मी खोटे सांगणार नाही. पण तो फेब्रुवारीत, माल समोर ठेवून ठरला. गणपतीत ठरला नाही.

उचल घेतलेल्या पाच घरांचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यासाठी नऊ घरांनी दरमहा थोडी बचत सुरू केली आहे, म्हणजे अडचणीला गणपतीत व्यापाऱ्याच्या दारात जावे लागू नये. ती पुरेल की नाही, हे येता पावसाळा सांगेल.

तुमच्या गावात काजू नसेल, हळद असेल, कांदा असेल, चिंच असेल. या हंगामात माल काढण्यापूर्वी शेजारच्या चार घरांत जाऊन बसा आणि तात्यांचा प्रश्न विचारा : काटा कोण आणणार? काटा आलाच, तर त्याचे तोंड कोणाकडे ठेवायचे हेही त्याच बैठकीत ठरवा. आणि तुमचे काय ठरते ते मला जरूर कळवा. मी आता बीबरोबर भावही मोजायला शिकतो आहे.